पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र: नेहमी अडणारे प्रश्न आणि ते सोडवायची रीत

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जीवशास्त्राचे विषय घेतलेल्या मुलामुलींच्या शंका दरवर्षी जवळपास त्याच असतात. गोंदियाहून नागपुरात खोली करून राहिलेली मुलगी असो की धरमपेठेतला पोट्टा, पावसाळ्यात परासरणावर (पडद्यातून पाण्याच्या ये-जा वर) गाडी अडते, दिवाळीच्या सुमारास अर्धगुणसूत्री विभाजनावर (मायोसिसवर), आणि परीक्षा तोंडावर आली की "सर, एटीपी ३६ लिहू का ३८?" (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन) हे ठरलेलं. या शंका फार खोल नसतात. प्रक्रियेचं नाव पाठ असतं, पण ती पेशीत कुठे घडते, तिथे कोणती वस्तू किती असते आणि कशाचं काय होतं, हे डोळ्यांपुढे नसतं. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

म्हणून खाली प्रत्येक प्रश्नाला एकच रीत लावली आहे. उत्तर लिहायच्या आधी कोपऱ्यात तीन शब्द लिहा: कुठे, किती, कशाचं काय. त्यांच्यापुढे काही लिहिता आलं नाही, तर अडचण नेमकी कुठे आहे ते तिथेच कळतं.

वहीबद्दल थोडक्यात. उजव्या पानावर वर्गातलं टिपण, डावं पान कोरं. दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद ठेवून डाव्या पानावर आकृती आठवून काढा आणि मग पुस्तकाशी ताडून चुका लाल पेनाने दुरुस्त करा. धडा चार वेळा वाचून जे कळत नाही ते या लाल रेघा दाखवतात. ज्यांचं शिक्षण बारावीपर्यंत मराठीतून झालं आहे त्यांनी प्रक्रिया आधी मराठीत स्वतःला सांगावी, मग इंग्रजी संज्ञा घालून पुन्हा लिहावी. दोन्ही एकदम करायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतं.

पाणी आत जाणार की बाहेर?

परासरणाच्या प्रश्नात पहिली चूक अशी होते की "हे द्रावण अतिपरासारी (जास्त विद्राव्याचं) आहे" एवढंच लिहिलं जातं. कशाच्या तुलनेत? एकच मिठाचं पाणी एका पेशीला अतिपरासारी आणि दुसरीला समपरासारी असू शकतं. त्यामुळे पेशीचं चौकोनी चित्र काढा, आत आणि बाहेर विद्राव्याचं, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचं, प्रमाण लिहा, आणि पडद्यातून कोण जाऊ शकतं तेही लिहा. पाणी जातं, मीठ किंवा साखर सहज जात नाही. जिकडे विद्राव्य जास्त तिकडे पाणी जाणार.

दुसरी चूक ऋण चिन्हाची. जलविभव म्हणजे पाण्याची दुसरीकडे जाण्याची ओढ; शुद्ध पाण्याचा तो शून्य मानतात. विद्राव्य मिसळलं की तो शून्याखाली जातो. पेशीत उणे ०.३ आणि बाहेर उणे ०.८ मेगापास्कल असेल, तर पाणी जास्त जलविभवाकडून कमीकडे, म्हणजे पेशीतून बाहेर जाईल. इथे निम्मी मुलं ०.८ हा आकडा मोठा समजून बाण उलटा काढतात. संख्यारेषा काढा, शून्य उजवीकडे ठेवा, बाण नेहमी डावीकडे जाईल.

हे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की विसरत नाही. ऱ्हिओ नावाचं, पानाची खालची बाजू जांभळी असलेलं शोभेचं झाड नागपुरात कितीतरी बागांत आणि कॉलेजांच्या आवारात कुंड्यांमधून दिसतं. पान तिरपं फाडून जांभळ्या बाजूची पातळ साल काढा, पाण्याच्या थेंबात स्लाइडवर ठेवा, वर कव्हरस्लिप टाका. पेशी जांभळ्या रंगाने भरलेल्या दिसतील. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणाचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा, म्हणजे द्रावण खालून ओढलं जाईल. काही मिनिटांत जांभळा भाग आकसून भित्तिकेपासून सुटतो. हाच रसद्रव्यसंकोच. लगेच साधं पाणी सोडलं तर बऱ्याच पेशी पूर्ववत होतात. फार वेळ ठेवल्या तर मरतात आणि मग होत नाहीत.

तोंडी परीक्षेत यावरचा आवडता प्रश्न असा: आकसलेला भाग आणि भित्तिका यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय असतं? "हवा" किंवा "पोकळी" ही उत्तरं येतात. तिथे बाहेरचंच द्रावण असतं, कारण भित्तिका मिठाला अडवत नाही; अडवतो तो आतला पडदा. "कुठे" हा शब्द आधी लिहिला असता तर हे आपोआप सुचलं असतं.

गुणसूत्रं मोजायची कशी?

या भागावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे गुण जातात आणि पुढे आनुवंशिकी समजायचीही राहते.

डीएनए दुप्पट झाला की एका गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रती होतात, त्या क्रोमॅटिड; त्या जिथे जोडलेल्या असतात तो गुणसूत्रबिंदू. नियम एकच धरा: गुणसूत्रबिंदू मोजा. जितके गुणसूत्रबिंदू तितकी गुणसूत्रं, मग प्रत्येकाला एक क्रोमॅटिड असो की दोन. डीएनए किती हे पाहायचं असेल तर मात्र क्रोमॅटिड मोजा. दोन मोजण्या वेगळ्या आहेत, आणि त्या एकाच स्तंभात लिहिल्या की सगळं बिघडतं.

कांदा घेऊ. त्याच्या कायिक पेशीत १६ गुणसूत्रं. जी-१ अवस्थेत, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याआधी, १६ गुणसूत्रं आणि १६ डीएनए रेणू. एस अवस्थेत डीएनए दुप्पट झाला, पण दोन्ही क्रोमॅटिड एकाच गुणसूत्रबिंदूशी जोडलेले, म्हणून गुणसूत्रं १६ च आणि क्रोमॅटिड ३२. मेटाफेजमध्ये, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येतात तेव्हा, तेच. त्यानंतरच्या ॲनाफेजमध्ये गुणसूत्रबिंदू दुभंगले, आणि पेशी अजून एकच असल्यामुळे त्या क्षणी तिच्यात ३२ गुणसूत्रं. पेशी विभागल्यावर प्रत्येकीत १६. "ॲनाफेजमध्ये संख्या दुप्पट कशी?" ही शंका इथेच मिटते.

आता कांद्याच्या फुलातल्या परागकोशात चला, तिथे अर्धगुणसूत्री विभाजन होतं. सुरुवातीला १६ गुणसूत्रं, ३२ क्रोमॅटिड. पहिल्या विभाजनात समजात गुणसूत्रांच्या (आईकडून एक आणि वडिलांकडून एक आलेल्या सारख्या गुणसूत्रांच्या) ८ जोड्या लागतात आणि जोडीतलं एकेक गुणसूत्र एकेका बाजूला जातं. गुणसूत्रबिंदू फुटत नाही. त्यामुळे पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत ८ गुणसूत्रं, पण क्रोमॅटिड १६. दुसऱ्या विभाजनात गुणसूत्रबिंदू दुभंगतात आणि शेवटी ८ गुणसूत्रं, ८ क्रोमॅटिड.

डीएनएच्या भाषेत (सी म्हणजे डीएनएचा एक संच): जी-१ ला २सी, डीएनए दुप्पट झाल्यावरच्या जी-२ ला ४सी, पहिल्या विभाजनानंतर २सी, दुसऱ्यानंतर १सी. पहिल्या विभाजनानंतरच्या पेशीत डीएनए जी-१ मधल्या पेशीइतकाच असतो, पण गुणसूत्रं निम्मी. परीक्षकांचा हा लाडका मुद्दा आहे. "कोणतं विभाजन संख्या कमी करतं?" याचं उत्तर पहिलं. मग दुसरं कशाला हवं? डीएनए अजून दुप्पट आहे म्हणून.

प्रात्यक्षिकात मुळांच्या टोकाची स्लाइड करताना चार गोष्टी सांभाळा. कॉटन मार्केटातून आणलेल्या कांद्याची जुनी सुकी मुळं काढून तळ पाण्याला टेकेल असा ग्लासवर ठेवा. दोनतीन दिवसांत नवी मुळं येतात. ती सकाळी कापा आणि तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात टाका. दुसऱ्या दिवशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून पेशींमधली पकड सैल करायची. मग फक्त शेवटचा एकदोन मिलिमीटर भाग घ्यायचा, ॲसिटोकार्मिनने रंगवायचा आणि टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचा. अंगठा घासला की पेशी गुंडाळल्या जातात. "विभाजन दिसतच नाही" अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा मुळाचा लांब तुकडा घेतलेला असतो. टोकापासून वर गेलं की पेशी फक्त लांब होत असतात.

स्लाइडवर बहुतेक पेशी अंतरावस्थेतच, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात, दिसतात, कारण पेशी आपल्या आयुष्याचा बराचसा वेळ तिथेच काढते. पेशी वेगवेगळ्या वेळी विभागत असतील तर एखाद्या अवस्थेत दिसणाऱ्या पेशींचं प्रमाण त्या अवस्थेला लागणाऱ्या वेळेच्या प्रमाणात असतं. समजा, ४०० पेशी मोजल्या आणि त्यात ६ मेटाफेजमध्ये सापडल्या. चक्र २४ तासांचं दिलेलं असेल, तर मेटाफेजचा वेळ ६ भागिले ४०० गुणिले १४४० मिनिटं, म्हणजे २१.६ मिनिटं. हे गणित सोपं असूनही सोडून दिलं जातं.

एटीपी ३६, ३८, ३० की ३२?

चारही आकडे पुस्तकांत सापडतात आणि चारही एकाच हिशोबातून येतात, त्यामुळे हिशोब लिहिणाऱ्याला भीती नाही. एनएडीएच आणि एफएडीएच-२ हे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू, त्यांच्यापासून पुढे एटीपी बनतात. ग्लुकोजच्या एका रेणूमागे ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे ग्लुकोज तुटून पायरुव्हेट होताना, पेशीद्रवात, २ एटीपी आणि २ एनएडीएच. तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) पायरुव्हेटपासून ॲसिटिल को-ए होताना २ एनएडीएच. क्रेब्स चक्रात ६ एनएडीएच, २ एफएडीएच-२ आणि २ एटीपी. बेरीज: १० एनएडीएच, २ एफएडीएच-२, ४ एटीपी.

जुन्या हिशोबात एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-२ ला २ धरत, म्हणून ३० अधिक ४ अधिक ४, म्हणजे ३८. आता २.५ आणि १.५ धरतात: २५ अधिक ३ अधिक ४, म्हणजे ३२. पेशीद्रवातले ते २ एनएडीएच तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यातून थेट जाऊ शकत नाहीत. त्यांचे इलेक्ट्रॉन एका मार्गाने आत गेले तर एफएडीएच-२ इतकंच मोल मिळतं, आणि मग दोन्ही हिशोबांत २ एटीपी कमी होऊन ३६ किंवा ३० येतात. तुमच्या विभागात कोणता हिशोब शिकवला आहे तो वापरा आणि गृहीतक एका ओळीत लिहा. नुसता आकडा लिहून पैज लावू नका.

प्रकाशसंश्लेषणात तीन शंका सारख्या येतात. झाडं दिवसा श्वसन करतात का? करतात, चोवीस तास. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने एकूण ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो. तो ऑक्सिजन कशातून येतो? पाण्यातून, रुबेन आणि केमन यांनी १९४१ मध्ये ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून हे दाखवलं. कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणारं केल्विन चक्र रात्री चालतं का? "अंधारातली अभिक्रिया" या जुन्या नावामुळे तसं वाटतं, पण त्याला लागणारे एटीपी आणि एनएडीपीएच प्रकाशातच तयार होतात, त्यामुळे बहुतेक झाडांत ते दिवसाच चालतं. ठिकाणं मात्र वेगळी लिहा: प्रकाशातला पहिला टप्पा हरितलवकातल्या थायलॅकॉइडच्या पडद्यावर, केल्विन चक्राचा दुसरा त्याभोवतीच्या स्ट्रोमात.

सिकलसेल: एका उदाहरणात अर्धा अभ्यासक्रम

विदर्भात शिकणाऱ्याला आनुवंशिकीसाठी वाटाण्यापाशीच थांबायची गरज नाही. सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार इथे गावोगावी माहीत आहे. देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाचं अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं. वर्गात शेजारी बसलेलं कुणी वाहक (एकच बदललेलं जनुक असलेलं, आजार नसलेलं) किंवा रुग्ण असू शकतं, तेव्हा उदाहरण घेताना जातीपातीचे अंदाज बांधणं आणि "बिचारे" म्हणणं टाळा. बाकी एवढं समृद्ध उदाहरण दुसरं मिळणार नाही.

डीएनएपासून सुरू करू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या सुरुवातीची साचा साखळी ३ प्राइमकडून ५ प्राइमकडे अशी वाचा: टीएसी, सीएसी, जीटीए, जीएसी, टीजीए, जीजीए, सीटीसी, सीटीसी. आता पुढे न वाचता एमआरएनए, म्हणजे या साखळीवरून बनणारी संदेशाची प्रत, स्वतः लिहा. ए समोर यू, टी समोर ए, जी समोर सी, सी समोर जी.

उत्तर ५ प्राइमकडून: एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी, जीएजी. कोडॉनच्या (एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरांच्या) तक्त्यात पाहा: मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल.

सिकलसेलमध्ये साचा साखळीतल्या पहिल्या सीटीसीचं सीएसी होतं. एमआरएनएवर जीएजीच्या जागी जीयूजी येतं आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. इथे दोन शंका हमखास निघतात.

पहिली: "मोजलं तर बदल सातव्या जागी आहे, पुस्तकात सहावी का?" कारण सुरुवातीचं मेथिओनिन साखळी तयार होताना कापलं जातं. तयार प्रथिनात व्हॅलिन पहिलं, म्हणून बदल सहाव्या जागी. कोडॉन मेथिओनिनपासून मोजले तर सातवा. नव्या लेखनपद्धतीत सात लिहिलेलं दिसलं तर दचकू नका.

दुसरी: "लाल रक्तपेशीत तर केंद्रकच नाही, मग जनुक काम कुठे करतं?" उत्तर "कुठे"मध्ये आहे. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पूर्वपेशींना केंद्रक असतं. तिथे हिमोग्लोबिन बनतं आणि मग केंद्रक बाहेर टाकलं जातं. तुमच्या त्वचेच्या पेशीतही हेच जनुक आहे, फक्त तिथे ते बंद असतं.

एका अमिनो आम्लाने एवढं का बिघडावं? ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याचं पाण्याशी जमतं. व्हॅलिन पाणी टाळतं. ऑक्सिजन सोडल्यावर बदललेले रेणू या जागांनी एकमेकांना चिकटून लांब तंतू करतात आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. सामान्य लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही साधारण १० ते २०. भार बदलल्यामुळेच विद्युतक्षेत्रात दोन हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकतात. पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हेच दाखवलं, आणि इलेक्ट्रोफोरेसिसच्या तपासणीचं तत्त्व तेच आहे. आता वरचं परासरण आठवा. शरीरात पाणी कमी झालं की लाल पेशीतलंही पाणी कमी होतं, आत हिमोग्लोबिन दाट होतं आणि तंतू लवकर तयार होतात. सिकलसेलच्या रुग्णाला नागपूरच्या उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यायला सांगतात त्यामागे हे कारण आहे.

तान्ह्या बाळांत लक्षणं उशिरा का दिसतात, हाही चांगला प्रश्न. जन्माच्या वेळी हिमोग्लोबिन मुख्यतः गर्भकालीन असतं, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. बीटाचं प्रमाण वाढायला काही महिने लागतात.

आता वारसा. सामान्य जनुकरूप ए, सिकलसेलचं एस. दोन्ही ए असलेल्याला एए, वाहकाला आपल्याकडे एएस आणि रुग्णाला एसएस म्हणतात. आईवडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक अपत्याला एए असण्याची शक्यता पाव, एएसची अर्धी, एसएसची पाव. मुलगा की मुलगी याने फरक पडत नाही, कारण ११ वं गुणसूत्र लिंगगुणसूत्र नाही. शुक्राणूत ए किंवा एस यांपैकी एकच का? पहिल्या अर्धगुणसूत्री विभाजनात समजात गुणसूत्रं वेगळी होतात म्हणून. वरच्या ८ जोड्यांचा उपयोग इथे होतो.

संभाव्यतेचे तीन नमुने सोडवून ठेवा. पहिलं मूल एसएस झालं, तर दुसऱ्याची शक्यता किती? पुन्हा पावच. "चारातलं एक झालं, आता तीन सुटले" हा गैरसमज घराघरांत आहे आणि त्याने खरंच नुकसान होतं. दोन मुलांपैकी निदान एक एसएस असण्याची शक्यता? थेट मोजू नका. एकही नसण्याची शक्यता तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे ९/१६, ती एकातून वजा करा: ७/१६. तिसरा नमुना फसवा आहे. भाऊ एसएस, बहिणीला आजार नाही, आईवडिलांनाही नाही. बहीण वाहक असण्याची शक्यता किती? अर्धी नव्हे, दोन तृतीयांश. ती एसएस नाही हे आधीच कळलं आहे, म्हणून चार चौकटींतली ती एक खोडा. उरलेल्या तिनांत दोन एएस.

एस हा अप्रभावी (ए असताना न दिसणारा) की सहप्रभावी (ए बरोबरच दिसणारा), यावर वर्गात भांडणं होतात. तुम्ही काय पाहता यावर ते ठरतं. आजार आहे की नाही पाहिलं तर अप्रभावी. प्रथिन पाहिलं तर एएस व्यक्तीत दोन्ही हिमोग्लोबिन सापडतात, म्हणून सहप्रभावी. उत्तरात पातळी लिहा, वाद संपतो.

हार्डी-वाइनबर्गच्या (समूहातल्या जनुकरूपांच्या प्रमाणाच्या) गणितासाठीही हेच वापरा; एसचं प्रमाण क्यू, एचं पी. केवळ गणितापुरतं समजा, एखाद्या समूहात जन्मणाऱ्या बाळांत दर १०० मागे १ एसएस आहे. सुरुवात नेहमी इथून, कारण एसएस म्हणजे थेट क्यू वर्ग. क्यू ०.१, पी ०.९, वाहक २ गुणिले ०.९ गुणिले ०.१, म्हणजे ०.१८. एका रुग्णामागे १८ वाहक. वाहकांची तपासणी एवढी महत्त्वाची का मानतात ते या एका ओळीत दिसतं.

निवड कोण करतं?

हा अपायकारक बदल टिकला कसा? एएस व्यक्तींना फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या प्रदेशात एए आणि एसएस या दोघांपेक्षा एएस जास्त जगले, म्हणून एस टिकला. मात्र "मलेरियापासून वाचण्यासाठी बदल झाला" असं लिहिलंत तर गुण गेले. बदल आधी, योगायोगाने; निवड नंतर.

हीच चूक गुलाबी बोंडअळीबाबत होते. बोंडअळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातलं क्राय प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होऊन तिथल्या ग्राहकांना (पेशीवरच्या रिसेप्टरना) चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. आपल्या पोटात आम्ल आहे आणि ते ग्राहक नाहीत. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही दाद देईनाशी झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी ते सोसलं. "अळीने प्रतिकारशक्ती तयार केली" हे वाक्य बातमीत चालेल, उत्तरपत्रिकेत नको. काही अळ्यांत तसं जनुकरूप आधीपासून विरळ प्रमाणात होतं; बाकीच्या मेल्या, त्या उरल्या आणि त्यांची पिल्लं वाढली. कुठलीही एक अळी बदलली नाही, पिढ्यांमधलं प्रमाण बदललं.

बियाण्याच्या ४५० ग्रॅम बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं वेगळं पाकीट का असायचं? शेताच्या कडेने लावलेल्या त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळावेत म्हणून. प्रतिकार अप्रभावी असेल तर त्यांची संकरित पिल्लं बीटीवर मरतात. सिकलसेलची चौकट इथे जशीच्या तशी मांडून पाहा. बऱ्याच शेतांत त्या ओळी लावल्याच गेल्या नाहीत.

संत्र्यातले गुण

नागपुरात राहून संत्र्याचा खाण्याचा भाग कोणता हे चुकवणं शोभत नाही, तरी चुकतं. बाहेरची तैलग्रंथींची साल हे बाह्यफलावरण, तिला चिकटलेला पांढरा कापसासारखा भाग हे मध्यफलावरण, फोडीचा पापुद्रा अंतःफलावरण, आणि आपण खातो ते या अंतःफलावरणातून आत वाढलेले रसाळ केस. फळाचा प्रकार हेस्पेरिडियम. तुलनेसाठी आंब्यात मध्यफलावरण, सफरचंदात पुष्पासन, नारळात भ्रूणपोष.

काटोल-नरखेडकडे जंभेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा (फांदीवरची कळी) बांधतात. मग फळ जंभेरीचं का येत नाही? डोळ्यातून वाढलेल्या फांदीच्या सगळ्या पेशी संत्र्याच्या, आणि फळ त्या फांदीवर. खुंट पाणी, क्षार आणि रोगप्रतिकार यांतून फरक पाडतो, जनुकं पाठवत नाही. आणि खुंटासाठी जंभेरी बियांतून वाढवूनही रोपं एकसारखी कशी निघतात? लिंबूवर्गीय बीमध्ये फलनातून झालेल्या भ्रूणाशिवाय मातृऊतीतूनही भ्रूण तयार होतात. ते आईचीच प्रत असतात. "बियांतून आलेलं रोप म्हणजे दोन पालकांचं मिश्रण" हा नियम इथे मोडतो, म्हणून बहुभ्रूणतेवर टीप विचारली तर हेच उदाहरण लिहा.

पटकन उरकायचे प्रश्न

विकर (एन्झाइम) उष्णतेने "मरत" नाहीत, ते जिवंत नसतातच. त्यांचा आकार बिघडतो. स्पर्धात्मक अवरोधात व्हीमॅक्स (कमाल वेग) तेच राहतं आणि केएम (निम्म्या वेगाला लागणारं विकार्याचं प्रमाण) वाढतो, कारण विकार्य, म्हणजे विकर ज्यावर काम करतं तो पदार्थ, भरपूर ओतलं की अवरोधक हरतो. अस्पर्धात्मकात व्हीमॅक्स घटतं, केएम तोच. मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना आपलं शरीर ३७ च्या आसपास राहतं ते घाम वाळल्यामुळे, वाळ्याचा कूलर गार करतो तसंच. म्हणून जुलैच्या दमट हवेत दोन्ही कमी पडतात.

बीओडी जास्त म्हणजे पाण्यात ऑक्सिजन जास्त, असं बरेच जण लिहितात. ती घाण कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांची ऑक्सिजनची मागणी आहे; सेंद्रिय घाण जितकी जास्त तितकी ती वाढते आणि विरघळलेला ऑक्सिजन घटतो. अंबाझरीतली जलपर्णी किंवा हिरवं पडलेलं तळं पाहिलं की हा प्रश्न आठवा: मासे बहुधा पहाटे का मरतात? रात्रभर शैवालही श्वसन करतं आणि ऑक्सिजन सूर्योदयाच्या थोडा आधी सर्वांत कमी असतो.

पेशी लहान का असतात, यावर परिच्छेद नको, तीन घन काढा. बाजू १ सेंमी असेल तर पृष्ठफळ आणि घनफळ यांचं गुणोत्तर ६, बाजू २ असेल तर ३, बाजू ३ असेल तर २. आकृती आणि तीन आकडे पुरतात.

लेखी आणि तोंडी

दीर्घोत्तरात प्रक्रियेचं ठिकाण पहिल्या वाक्यात यावं, आकडे मध्ये, आणि काय तयार झालं ते शेवटी. आकृती पेन्सिलने, नावं एकाच बाजूला, रेघा एकमेकींना न छेदता. आकृती उत्तराआधी काढा. ती पाहून लिहिलं की टप्पे सुटत नाहीत.

तोंडी परीक्षेत आठवलं नाही तर जे दिसतंय ते बोला. स्लाइड समोर असेल तर आधी वर्धन सांगा: नेत्रिका १० आणि वस्तुभिंग ४० असेल तर ४००. मग पेशीभित्तिका आहे की नाही, केंद्रक दिसतं का, गुणसूत्रं मध्यावर आहेत की टोकांना. परीक्षक बहुधा तिथूनच पुढचा प्रश्न विचारतात आणि तो सोपा असतो. स्पॉटरच्या (नमुना पाहून ओळखायच्या) टेबलावर नमुना ओळखला नाही म्हणून कागद कोरा ठेवू नका. वर्ग आणि डोळ्यांना दिसणारी दोन लक्षणं लिहून पुढे सरका. नावाचा गुण गेला तरी वर्गीकरणाचे आणि लक्षणांचे गुण वेगळे मिळू शकतात.